अण्णांची पातळी

घर बघायला गेले त्या दिवशी घरमालकानं मला जात विचारली नाही, मांसमच्छी खातेस का ते विचारलं नाही, घरी मित्र येतात का तेही नाही. बंगळुरात एकट्या मुलीला भाड्याचं घर शोधायचं तर या तीन प्रश्नांची उत्तरं पाठ करूनच बाहेर पडावं लागतं. माझी पाठ होती. राजाजीनगरातल्या त्या दुमजली घराच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यानं मला पाणी दिलं, समोरच्या खुर्चीत ताठ बसला आणि म्हणाला, "तुझ्या घरात कुणाला मेंदूचा आजार?"

मी दचकून नाही म्हणाले.

"मला आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेजारी सांगतात. एकदा वर जातो, एकदा खाली जातो. पण अकरा वर्षं झाली, कुठंच गेलेलो नाही. लिथियम घेतो. ते एक मीठच आहे, जमिनीतून काढतात. तुला चालेल?"

भाडेकरणीला 'तुला चालेल का' असं विचारणारा घरमालक या शहरात दुसरा झाला नसेल. मी चालेल म्हणाले. खरं तर घाबरले होते. पण मेट्रोचं स्टेशन चालत सात मिनिटांवर होतं, मॅजेस्टिकला गाडी बदलली की थेट व्हाइटफील्ड, आणि माझं ऑफिस तिथं होतं. जाताना मी 'येते काका' म्हणाले तर त्यांनी मला दारातून परत बोलावलं. काका पुण्यात, म्हणाले. त्यांच्या घराण्याला बंगळुरात चार पिढ्या झाल्या होत्या. इथं त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का.

अण्णा एका सरकारी कारखान्यात गेज तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले होते. म्हणजे कारखान्यात जी यंत्रं दाब, उष्णता, जाडी मोजतात, ती बरोबर मोजतात की नाही हे मोजायचं. आयुष्यभर माणसानं हेच केलं तर त्याचं जे होईल ते त्यांचं झालं होतं. घरातल्या तीन घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तरी त्यांना दुपारी झोप लागत नसे. हॉलमध्ये लोक जिथं देवाची तसबीर किंवा लग्नाचा फोटो लावतात, तिथं त्यांनी आलेखाच्या कागदाची लांबट पट्टी काच लावून टांगली होती. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यात लिथियम किती निघालं त्याचा ठिपका द्यायचा. पाऊण, पॉइंट सात, पुन्हा पाऊण. मुंग्या एका रेषेत चालाव्यात तसे ते ठिपके अकरा वर्षं चालले होते. जिथं एखादी मुंगी जरा वर सरकली होती, तिथं बारीक अक्षरात कारण लिहिलेलं असे. 'जुलाब'. 'म्हैसूरचं लग्न, पाणी कमी प्यालो'. कारणाशिवाय एकही ठिपका हललेला नव्हता.

पट्टीचा कागद दीडपर्यंतच होता. त्याच्या वर गेलं तर, मी एकदा विचारलं. "त्याच्या वर गेलं तर ठिपका द्यायला मी नसेन," ते म्हणाले आणि मला गूळ-शेंगदाणे दिले.

रक्त द्यायच्या दिवसाला ते 'पातळीचा दिवस' म्हणत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, दाढी, आणि प्रयोगशाळेतून परत येताना आम्हा तिघांसाठी इडली. अक्का सणसुद्धा जेवढ्या उत्साहानं करत नसत, तेवढ्या उत्साहानं अण्णा तो दिवस साजरा करत.

स्वभाव नावाचं काही नसतं, पातळी असते, हे त्यांचं पालुपद होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार खेकसला तर त्याची साखर वाढली. माझा मॅनेजर छळतो तर त्याचं थायरॉइड बघायला सांग. राग, लोभ, वैराग्य, सगळ्याला त्यांच्याकडे रक्तातलं काहीतरी होतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी जिन्यात बसून रडत होते. अण्णा शहाळं घेऊन वर आले. "पी. रडण्यात मीठ जातं," म्हणाले आणि पलीकडच्या पायरीवर बसून राहिले. मी पिऊन संपवेपर्यंत हलले नाहीत. घरच्यांनी फोनवर माझं जे सांत्वन केलं, त्यापेक्षा मला ते शहाळं अजून आठवतं.

मिठाचं तर काही विचारू नका. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या डबीत मीठ असायचं. कुणाच्याही घरी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, पहिला घास खायच्या आधी डबी निघायची आणि मोजून दोन चिमट्या पानात पडायच्या. यजमानीण कानकोंडी व्हायची. अक्का मान खाली घालायच्या. लिथियमनं अण्णांच्या तोंडाची चव गेली होती, सगळं पितळेसारखं लागायचं, म्हणून ते मीठ चवीनं नाही, चमच्यानं खात. माझं मीठ कमी होता कामा नये, असं ते म्हणायचे. पण त्याच सुरात ते हेही म्हणायचे की डाव्या कुशीवर झोपता कामा नये, काकडी संध्याकाळी खाता कामा नये आणि मराठी माणसानं सांबारात गूळ घालता कामा नये. शंभर गोष्टी एकाच ठासून सांगण्यानं सांगायच्या, मग त्यातली कुठली जिवाची आणि कुठली विक्षिप्तपणाची हे ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं? आम्ही सगळ्यालाच हसायचो. मी हे स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. निदान तसं म्हणते.

कारखान्यातली गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. ऐन चाळिशीत ते पहिल्यांदा 'वर' गेले. आठ दिवस झोपले नाहीत आणि त्या आठ दिवसांत कारखान्यातलं प्रत्येक गेज चुकीचं आहे असा शोध लावून त्यांनी दिसेल त्या यंत्रावर लाल चिठ्ठी डकवली. शेवटी कॅन्टीनच्या वजनकाट्यावर चिठ्ठी लावताना त्यांना धरलं. इस्पितळात नेलं, भूल देऊन करंट दिला, सहा वेळा. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज गेज तपासल्यासारखाच असे. आतली सुई अडकली होती, टिचकी मारून मोकळी केली. मधले चार महिने आठवत नाहीत, एवढी किंमत. मग डोळे बारीक करून म्हणत, "आणि त्या गेजांतली तीन खरंच चुकीची निघाली. ते कुणी सांगत नाही."

आईची गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली, आणि रंगवली नाही. त्यांची आई तरुणपणी रात्ररात्र जागायची, गाणी म्हणायची, अंगावरचे दागिने वाटून टाकायची. गल्लीनं ठरवलं, हिच्या अंगात देवी येते. मंगळवारी-शुक्रवारी बायका ओटी भरायला रांगेत उभ्या राहायच्या. मग देवी उतरायची आणि आई महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्या वेळी रांग नसायची. अण्णा अकरा वर्षांचे असताना अशाच एका दुपारी तिनं परसातल्या विहिरीत उडी घेतली.

"तिला देवी म्हणाले, मला वेडा म्हणाले," अण्णा म्हणाले. "रोग एकच. पाया पडणाऱ्यांत एकीनं जरी विचारलं असतं, बाई, झोपलीस का?"

हे ऐकल्यापासून मला त्यांच्या पातळीची थट्टा करवली नाही. हा माणूस सगळ्याला रसायन का म्हणतो ते मला कळलं. रसायन म्हटलं की आईचा दोष उरत नव्हता आणि अकरा वर्षांच्या मुलाचाही.

पण त्या तत्त्वज्ञानाची झळ अक्कांना लागली होती, हेही सांगायला हवं. पहिलं आजारपण सरलं त्या वर्षी अण्णांनी त्यांना सांगितलं की हे रक्तातून पुढं जातं, तेव्हा आपल्याला मूल नको. अक्का तेव्हा पस्तिशीच्या, दोन वेळा दिवस राहून गेलेले, अजून आशा धरून. भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "ह्यांनी मला विचारलं नाही अगं. सांगितलं. मी सरी म्हटलं." सरी म्हणजे कन्नडात बरं, ठीक आहे. मग मेथीची जुडी दुसऱ्या बाजूनं सोडवायला घेतली. माणूस देवभोळं का होतं याचं कारण मला त्या दुपारी समजलं. ज्या घरात सगळ्याचा निकाल रक्ताच्या कागदावर लागतो, तिथं अपील करायला देवाखेरीज कुणी उरत नाही.

मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, अण्णांच्या कागदावर दुसराच एक आकडा वाढलेला निघाला. मूत्रपिंडं थकत चालली होती. इतकी वर्षं लिथियम घेतल्यानं तसं होऊ शकतं. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, अजून बिघडलं तर औषध बदलू. अण्णांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. इडली आणली नव्हती. औषध बदलायचं म्हणजे बारा वर्षांची रेघ सोडायची, आणि रेघ सोडली की काय होतं ते त्यांनी परसातल्या विहिरीत पाहिलं होतं. ते दिवसभर पट्टीसमोर बसून होते.

एप्रिलात माझी आई कऱ्हाडहून महिनाभर राहायला आली. तिची आणि अक्कांची दोन दिवसांत गट्टी जमली. अक्कांनी तिला मूत्रपिंडाचं सांगितलं आणि आईनं आमच्या गावच्या देवीचा अळणी नेम सांगितला. घरच्या धन्याच्या जिवासाठी बायकोनं करायचा: एकवीस दिवस चुलीवर मीठ चढवायचं नाही, भातात नाही, आमटीत नाही. माझ्या मामीनं केला होता आणि मामा अजून धडधाकट आहेत.

अक्का मला विचारायला वर आल्या. हे मला नीट सांगायचं आहे, कारण सगळं इथंच आहे. त्या आईवर विसंबल्या नाहीत. चाळीस वर्षं अण्णांबरोबर काढलेली बाई, तिला देवीच्या नेमावरही कागद हवा होता. त्या म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. स्वल्प बघून सांग, चालेल का." मी फोनवर शोधलं. मूत्रपिंड आणि मीठ. पानंच्या पानं आली आणि प्रत्येक पानावर एकच: मीठ कमी करा. मी लिथियम हा शब्द घातला नाही. एक शब्द. मी म्हणाले, "अहो अक्का, उलट चांगलंच आहे. देवी आणि डॉक्टर दोघांचं एकमत दिसतंय."

अक्का हसल्या. मग त्यांना डबीची आठवण झाली. मी म्हणाले, त्याचीही सोय करते. दुसऱ्या दिवशी ऑफिसजवळच्या मॉलमधून मी कमी सोडियमच्या मिठाचा पुडा आणला. हिरवा, त्यावर हृदयाचं चित्र. अक्कांनी तो डबीत भरला. अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी व्याख्यान दिलं असतं, आणि आम्हाला ते व्याख्यान पाठ आहे असं वाटत होतं.

अण्णांच्या जिभेला फरक कळायचं कारण नव्हतं. ते रोजच्यासारखे डबीतून दोन चिमट्या घालून जेवत होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण बंगळुराला उन्हाळा नसतो, ओरडायची सवय असते, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे सकाळचा तासाभराचा फेरा चालू होता. चौदाव्या-पंधराव्या दिवशी पोट बिघडलं. मग हात कापायला लागले, कप बशीत वाजू लागला. शनिवारी ते म्हणाले, सोमवारी रक्त देऊन येतो, पातळी बघायला हवी. रविवारी ते उठलेच नाहीत. हाक मारली की डोळे उघडत आणि मिटत. बोलणं जड झालं होतं. अक्कांनी मला खाली बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "खाली चालले गं. बारा वर्षांनी." त्यांना आजार परत आला असं वाटलं. मलाही. आईनं नेम अर्धा सोडू नका म्हणून बजावलं. आणि आम्ही एका गोष्टीची अगदी काटेकोर काळजी घेतली: गोळी चुकायला नको. रविवारी दोन्ही वेळा अक्कांनी त्यांची मान उचलून धरली आणि पाण्याचा पेला मी त्यांच्या ओठांना लावला.

सोमवारी सकाळी त्यांना झटका आला. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची नावं वाचली आणि आमच्याकडे वळून पहिलाच प्रश्न विचारला, जेवणातलं मीठ कमी केलंत का. मग त्यांनी समजावून सांगितलं, रागावल्याही नाहीत. शरीराला मीठ मिळेनासं झालं की मूत्रपिंड लिथियमलाच मीठ समजून धरून ठेवतं. बाहेर सोडत नाही. रोजच्याच गोळीचं मग विष होतं.

"मी केलं," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. "घरात कुणाला माहीत नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी फाइल धरून उभी होते. मी काही बोलले नाही.

रक्त यंत्रातून काढून धुतलं, तीनदा. अण्णा वाचले. लिथियम उतरलं, पण जाताना मेंदूचा एक कोपरा घेऊन गेलं. जीभ जड राहिली, चालताना भिंत धरावी लागायची आणि हातांचा कंप गेला नाही. ज्या हातांनी केसाएवढी जाडी मोजली, त्यांना शर्टाचं बटण लागेना. औषध बदललं. नव्या गोळीला मिठाशी देणंघेणं नव्हतं, तशी डबीही गेली. अक्कांनी मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या पानात मीठ घेतलं नाही. एकवीस दिवस संपले, वर्ष संपलं, त्या अळणीच जेवत राहिल्या. अण्णा एकदा म्हणाले, कुणाचा दोष नाही, पातळी होती, चढली. हे ते सांत्वन म्हणून म्हणाले. अक्का स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "एकदा तरी ओरडावं गं माझ्यावर. मूल नको म्हणाले तेव्हा मी ओरडायला हवं होतं. आता त्यांनी ओरडावं. पण नाही, ह्यांच्यात सगळं रक्तच करतं. माणूस काही करतच नाही."

इस्पितळातून आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी खाली गेले तर अण्णा जेवणाच्या टेबलाशी एकटेच होते. समोर तो हिरवा पुडा, रिकामा. कुठल्या फडताळातून काढला कोण जाणे. पाठीमागच्या बारीक अक्षरांवर त्यांचं थरथरणारं बोट होतं: मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या. पोटासाठी मी दिवसभर इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. पुड्याची मागची बाजू मी वाचली नव्हती. वर मॉलच्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती. अक्का आयुष्यात कधी व्हाइटफील्डला गेल्या नव्हत्या. अण्णांनी पुड्याची घडी घालायचा प्रयत्न केला, ती जमेना, तसा तो माझ्या हातात दिला आणि कचऱ्याच्या डब्याकडे मान केली. मी तो टाकला.

मग त्यांनी मला भिंतीजवळ नेलं. खुर्चीत बसले आणि खिशातली पेन्सिल माझ्यापुढे धरली. त्या सोमवारचा आकडा तीनच्या वर होता. कागद दीडला संपत होता. त्यांनी हातानं दाखवलं, वर, अजून वर. काचेच्या चौकटीच्या वर, उघड्या भिंतीवर, मी फूटपट्टीनं मोजून ठिपका दिला.

"कारण," अण्णा म्हणाले.

मी पेन्सिल टेकवून उभी राहिले. स्वयंपाकघराच्या दारात अक्का होत्या. माझं नाव येणार हे मला माहीत होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते यावंसंच वाटत होतं.

"उ-न्हा-ळा," अण्णा एकेक अक्षर उचलत म्हणाले. "लिही."

ज्या माणसानं एका सेकंदासाठी झोप सोडली, त्यानं आयुष्यात एकच खोटी नोंद केली आणि ती माझ्या हातून करवली. मी 'उन्हाळा' लिहिलं. अक्का दारातून आत गेल्या.

त्यानंतर आठ महिन्यांत मी घर सोडलं. ऑफिस लांब पडतं, असं सांगितलं. दोघांनीही ते खरं मानून घेतलं.

अण्णा गेल्या वर्षी गेले, मूत्रपिंडांनीच. अक्का बेळगावला बहिणीकडे जायच्या होत्या, घर विकलं होतं. सामान बांधायला मदत करायला मी गेले. हॉल रिकामा होता. चौकट काढल्यावर भिंतीवर तिच्याएवढा उजळ पट्टा राहिला होता आणि त्याच्या वर माझा ठिपका आणि माझं अक्षर. मी पर्समधून पेन काढलं, 'उन्हाळा' खोडलं आणि खाली लिहिलं: मीठ, मी आणलेलं. आणि खाली माझं पूर्ण नाव.

अक्का चष्मा लावून जवळ आल्या. त्यांनी सगळं वाचलं, नावापर्यंत.

"सरी," त्या म्हणाल्या. "उद्या रंगारी येणार आहेत."